घमेल्यात आणलेलं पाणी

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. माझी कड एका बाजूला फाटली आहे, बूड चेपलं आहे, आणि डांबराचा थर आत इतका घट्ट बसला आहे की लोखंड कुठे संपतं आणि डांबर कुठे सुरू होतं हे आता मलाही सांगता येणार नाही. भंगारवाल्याच्या गाडीवर मी दिसलो तर तुम्ही वळूनही बघणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, थोडा वेळ माझ्याजवळ बसा. मला तुम्हाला काही माणसांबद्दल सांगायचं आहे. ती ज्या रस्त्यावर राबली, त्या रस्त्यावरून तुम्ही कधीतरी गेला असाल.

माझा जन्म जळगावच्या एका लहानशा कारखान्यात झाला. मी आधी नुसता सपाट गोल पत्रा होतो. यंत्राचा दाब बसला, मी मधोमध खोल झालो, कडा वर वळल्या, आणि माझ्यासारख्याच भावंडांच्या चळतीत जाऊन पडलो. एके दिवशी ट्रकमधून आम्ही चाळीसगावला आलो. तिथे सरकारी बांधकाम खात्याच्या गोदामात एका माणसाने माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने खात्याची अक्षरं काढली. मी सरकारी झालो. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

चाळीसगावहून भडगावला जाणाऱ्या रस्त्याची देखभाल करणारी मजुरांची एक टोळी होती. मी त्या टोळीच्या वाट्याला आलो. टोळीचे मुकादम तोताराम. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे त्यांना आबा म्हणत. खात्याचे कायम नोकर तेवढे एकटे तेच. बाकीची माणसं रोजंदारीवर. त्यांत छगन होता, फावडं चालवणारा, सतत काहीतरी बोलत राहणारा. यादव होता, डांबराची भट्टी सांभाळणारा, छगनच्या अगदी उलट, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. आणि बेबाबाई होती. तिला सगळे अक्का म्हणत. मला पहिल्याच दिवशी तिने उचललं, पालथं करून बोटाने वाजवून पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाई चांगलं शे. हाई मन्हं."

तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर राहिलो.

मित्रांनो, डोक्यावर ओझं घेणारं माणूस तुम्हाला लांबून दिसतं. मी वरून त्याला जवळून ओळखतो. सकाळी बेबाबाई जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची. तिच्यावर मी. माझ्यात खडी, नाहीतर मुरूम. पहिल्या खेपांना तिची मान खांबासारखी ताठ असे. ऊन चढू लागलं की मानेत एक बारीक थरथर सुरू व्हायची. ती कोणालाच दिसत नसे, मला मात्र कळत असे. दुपारनंतर ती ओझं उचलताना ओठ मिटून घ्यायची आणि नाकाने एक लांब श्वास सोडायची. तिने कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी मला खाली ठेवलं की ती दोन्ही हात मानेमागे धरून थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग चुंबळ झटकून घरी निघायची.

पावसाळ्यात आमचं काम वेगळं असे. रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या गाळाने भरत, तो गाळ काढायचा. पाय दिवसभर चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडत, आणि बाया रात्री तिथे तेल-हळद लावत. हिवाळ्यात रस्त्यावर आलेल्या बाभळी तोडायच्या. काटे चपलेच्या आरपार जात. मागून ट्रक कधी येईल याचा नेम नसे, म्हणून छगन काम करताना एक कान नेहमी रस्त्याकडे ठेवायचा. "ट्रकवाला मानूस चांगला ऱ्हास, पन त्याले झोप येस," असं तो म्हणायचा.

पण सगळ्यांत अवघड उन्हाळा. पाऊस लागायच्या आत रस्त्यावरचे खड्डे बुजवावे लागत. खड्डे बुजवायचे म्हणजे डांबर आलं, आणि डांबर म्हणजे आग आली. आपल्या खान्देशातलं वैशाखातलं ऊन तुम्हाला मी काय सांगू. त्या उन्हात विटांच्या भट्टीवर डांबराचं पिंप उकळायचं, खाली लाकडं सारत राहायचं. उकळलेलं डांबर बारीक खडीवर ओतायचं, लोखंडी पत्र्यावर फावड्यांनी कालवायचं, आणि ते गरम मिश्रण माझ्यात भरून खड्ड्यापर्यंत न्यायचं. पायाखालचा रस्ताही तापलेला. म्हणून सगळ्यांनी पायांना गोणपाटाचे तुकडे सुतळीने बांधलेले असत. धुराने डोळे लाल होत. जेवायला बसण्याआधी हातांवरचं डांबर रॉकेलने पुसावं लागे. बेबाबाईची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कितीही चांगली झालेली असली, तरी तिला रॉकेलचा वास लागायचाच.

मी लोखंडाचा. मी तापतो आणि संध्याकाळी निवतो. माणसाचं तसं नसतं. हे मला त्या वर्षीच्या मे महिन्यात कळलं.

त्या दिवशी आम्ही भडगावच्या अलीकडे होतो. रस्त्याच्या एका बाजूला केळीची बाग होती आणि बागेच्या पलीकडून पाट वाहत होता. खडी दाबणारा रोलर आम्हाला थोड्याच दिवसांसाठी मिळाला होता. दुसऱ्या दिवशी तो पाचोऱ्याला जायचा होता. रोलर गेला की उरलेले खड्डे हाताने ठोकावे लागणार, आणि त्यात वेळ गेला तर पावसात त्यांची डबकी होणार. म्हणून तोताराम आबांनी सकाळीच सांगितलं, "आज दुपारनी सुट्टी थोडीच. रोलर शे तवपर्यंत आवरी लेऊ."

भाकरी उभ्याउभ्या खाल्ली गेली. माठातलं पाणी दुपारच्या आधीच तळाला गेलं होतं. जे उरलं होतं ते आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट झालं होतं.

यादव सकाळपासून भट्टीपाशी होता. बाकीची माणसं खेप टाकून परत येताना निदान वाऱ्याची एखादी झुळूक घेत. भट्टीवाल्याला हलता येत नाही. डांबर जास्त तापलं तर पेट घेतं, कमी तापलं तर थिजतं. बेबाबाई मला घेऊन पत्र्यापाशी आली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं.

"यादवभाऊ, जरासा सावलीमा बस."

"डांबर थिजी जाई," यादव म्हणाला.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तो भट्टीकडे पाठ करून उभा होता आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. चेहऱ्यावर हसू होतं. यादव असा हसणारा माणूस नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "ढोल कोठे वाजी ऱ्हायना? वऱ्हाड उनं का?"

ढोल कुठेच वाजत नव्हता. रोलरसुद्धा त्या वेळी बंद होता. बेबाबाईची मान माझ्याखाली एकदम ताठ झाली. तिने एका हाताने मला धरलं आणि दुसरा हात यादवच्या दंडाला लावला.

"आबा!" ती ओरडली. "इकडे या. याना आंगले घामच नही. आंग भट्टीसारखं तपेल शे."

आबा येईपर्यंत यादव गुडघ्यावर बसला होता. ते पोचले तेव्हा तो आडवा झाला. भट्टीपासून हातभर अंतरावर.

छगनने त्याला काखेत धरून मागे ओढलं. त्याने आणि आबांनी यादवला उचलून बाभळीखाली नेलं. बाभळीची सावली ती केवढी, जाळीसारखी विरळ. आबांनी माठ उलटा केला. त्यातून जेमतेम ओंजळभर पाणी आलं.

बेबाबाईने क्षणभरही विचार केला नाही. माझ्यातलं गरम मिश्रण तिने उभ्या जागी रस्त्यावर ओतून दिलं आणि मला काखेत धरून ती पळत सुटली. माझी कड तिच्या दंडाला भाजत होती. तिथे तिला डाग पडला, तो पुढे कायम राहिला. केळीच्या बागेतून, वाफे ओलांडत, ती पाटावर पोचली आणि मला तिने पाण्यात बुडवलं. मी चर्र करून ओरडलो. वाफेचा लोट निघाला. माझ्या आयुष्यात इतकं गार मला कधीच वाटलं नव्हतं. पण ती थांबली नाही. तिने मला काठोकाठ भरून डोक्यावर घेतलं. चुंबळ तिकडेच पडली होती. तिच्या केसांवर मी तसाच बसलो, आणि ती परत पळाली.

मित्रांनो, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन पळणं सोपं नसतं. ती इतकी वर्षं खडी वाहत होती. त्या दिवशी त्या सगळ्या वर्षांचा तिला उपयोग झाला. पाणी हिंदकळलं, पण सांडलं फार थोडं.

तिने ते यादवच्या डोक्यावर, छातीवर, पोटावर ओतलं. छगन आपला सदरा काढून त्याने वारा घालू लागला. बेबाबाई पुन्हा पाटाकडे. पुन्हा पाणी. यादव डोळे उघडत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द कळत नव्हते.

तोताराम आबा रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले होते. एक ट्रक त्यांना वळसा घालून गेला. एक मोटारसायकल थांबली, पण तिच्यावर बेशुद्ध माणूस कसा नेणार? मग चाळीसगावकडून एसटी आली. ड्रायव्हरने आबांना पाहिलं, बाभळीखाली पाहिलं, आणि गाडी थांबवली.

"चढवा लवकर," तो म्हणाला. "भडगावपर्यंत आता कुठेच थांबत नाही."

लोकांनी मधली वाट मोकळी केली. यादवला तिथेच खाली झोपवलं. कंडक्टरने घंटी मारायच्या आधीच गाडी सुटली. बेबाबाई त्याच्या उशाशी बसली आणि तिच्या मांडीवर मी, पाण्याने भरलेला. ती पदर माझ्यात बुडवून त्याच्या कपाळावर, मानेवर, काखेत पिळत होती. गाडी आचके खात होती, पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. एका म्हातारबाने आपली पाण्याची बाटली माझ्यात रिकामी केली. मग दुसऱ्याने. मग एका बाईने लेकराच्या बाटलीतलं पाणी ओतलं. ज्यांना वाटेत उतरायचं होतं, त्यांपैकी एकानेही गाडी थांबवायला सांगितलं नाही.

भडगावच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी यादवला आत घेतलं. मला मात्र बाहेरच्या ओट्यावर ठेवलं. माझ्याशेजारी बेबाबाई बसली, पाय अजून गोणपाटात बांधलेले. थोड्या वेळाने दुसऱ्या गाडीने आबा आले. त्यांच्याबरोबर यादवची बायको सुंदरबाई होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. आबा तिच्यासमोर उभे राहू शकले नाहीत. ते येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुट्टी मीच कमी करी. त्याले काही व्हयनं तर सुंदरबाईले मी काय तोंड दखाडू?"

"आबा, गप बसा," बेबाबाई म्हणाली. "आते बोलू नका."

बराच वेळ गेला. ओट्यावरचं ऊन सरकत भिंतीवर गेलं. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

"शुद्धीवर आला आहे," त्या म्हणाल्या. "ताप उतरतो आहे. वाटेत अंगावर पाणी कोणी घातलं?"

बेबाबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. जणू मीच घातलं होतं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तेच कामी आलं," एवढंच म्हणाल्या.

सुंदरबाई आत धावली. मागोमाग बेबाबाई आणि आबा दारापर्यंत गेले. उघड्या दारातून मलाही दिसलं, यादव खाटेवर पडला होता, सलाईन लावलेलं. आपल्या माणसांना ओळखून तो खोल गेलेल्या आवाजात बोलला.

"भट्टी इझाडी का नही?"

तेव्हा सुंदरबाई रडली. आणि आबा, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते दाराच्या चौकटीला धरून हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. "इझी गयी रे बाबा," बेबाबाई म्हणाली. "तू पडी ऱ्हाय."

यादव वाचला. पण गोष्ट तिथे संपली नाही.

दुसऱ्या दिवशी रोलर पाचोऱ्याला गेला, आणि उरलेले खड्डे हाताने ठोकायचे राहिले. आबांनी टोळीला गोळा केलं आणि सांगितलं की उद्यापासून झुंजुमुंजू व्हायला लागलं की भट्टी पेटवायची, ऊन डोक्यावर यायच्या आत विझवायची. दुपारभर सावलीत बसायचं. ऊन उतरलं की उरलेलं काम करायचं. भट्टीपाशी दिवसभर कोणी एकटा राहणार नाही. पाळी लावायची, त्यांची स्वतःचीही.

हे सांगणं सोपं नव्हतं. खात्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. मुकादमाने त्या आपल्या मनाने बदलल्या तर त्याच्या नोकरीवर येऊ शकत होतं. रोजंदारीवरच्या माणसांची तर हजेरीच कापली गेली असती. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

काही दिवस नीट गेले. मग एका भर दुपारी खात्याची जीप आली. तिच्यातून त्या रस्त्याचे अभियंता अभिमन पाटील उतरले; ते तरुण होते, नव्यानेच या भागात आले होते. त्यांनी पाहिलं तर भट्टी थंड, फावडी आडवी, आणि टोळी कडुलिंबाखाली पहुडलेली. छगन घोरत होता. मी पालथा पडलो होतो, आणि माझ्यावर डोकं ठेवून बेबाबाई डोळे मिटून होती. जीपचा आवाज ऐकून ती दचकून उठली.

"हे काय चाललंय, तोताराम?" साहेबांनी विचारलं.

आबा उभे राहिले. त्यांनी काही लपवलं नाही. कधी सुरू करतो, कधी थांबतो, सगळं सांगितलं.

"वेळ बदलायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनीच नही, साहेब. तुमले इचारानं व्हतं. पन तुम्ही येवापावत आखो एक जन पडता."

साहेब रस्त्यावर गेले. भरलेले खड्डे त्यांनी एकेक करून पाहिले, बुटाच्या टाचेने दाबून पाहिले. आम्ही लिंबाखालून त्यांना बघत होतो. त्या उघड्या रस्त्यावर ते चालत लांब गेले आणि परत आले, तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तोंड लाल झालं होतं. बेबाबाईने माठातून तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. ते घटाघट प्यायले. मग लिंबाच्या बुंध्याला टेकून खालीच बसले.

"तो यादव कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"घर शे, साहेब. अशक्त शे. पन जेवस," बेबाबाई म्हणाली.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "मला आधी कळवायला पाहिजे होतं," ते आबांना म्हणाले. आबांनी मान खाली घातली. मग साहेब उठले आणि जीपकडे जाता जाता म्हणाले, "पाऊस येईपर्यंत असंच चालू द्या. वरून कोणी विचारलं, तर मी सांगितलंय म्हणून सांगा."

जीप दिसेनाशी होईपर्यंत कोणी हललं नाही. मग आबा पुन्हा सावलीत येऊन बसले. छगन म्हणाला, "आबा, मी तं झोपना सोंग लिसन पडेल व्हतू," आणि सगळी टोळी हसत सुटली. बेबाबाईने मला पुन्हा उशाला घेतलं. त्या दुपारी ती खरोखर झोपली, आणि तिचा श्वास संथ चालला होता.

आठवड्याभरात जीपमधून एक ताडपत्री आणि नवे माठ आले. दुसऱ्या रस्त्यांवरच्या टोळ्या मात्र त्या वर्षी दुपारच्या उन्हातच राबल्या, हेही मला तुम्हाला सांगितलं पाहिजे. सगळीकडे तोताराम आबा नव्हते.

यादव पावसाळा संपल्यावर कामावर परतला. आगीपाशी त्याला पुन्हा कोणी उभं केलं नाही. कडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचं काम त्याला दिलं गेलं. तो हळूहळू चालत, झाडामागून झाड रंगवत जाई.

पुढे माझं वय झालं. एका मोठ्या दगडाने माझी कड फाटली. नवी घमेली आली आणि मला गोदामाच्या मागे टाकून दिलं गेलं. तिथे माझ्यात पाऊस साठला, पानं कुजली, गंज चढला. इतकी वर्षं डोक्यावर राहिलेल्याला मातीत पडून राहणं जड जातं. मग एके दिवशी यादवला चुना कालवायला भांडं हवं होतं. त्याने मला उचललं, गंज घासला आणि सोबत नेलं. फाटक्या कडेचं त्याला काही वाटलं नाही.

आता त्या डांबरावर चुना बसून मी आतून पांढरा दिसतो. मागच्याच हिवाळ्यात एक म्हातारी एसटीतून उतरली आणि यादवला पाहून झाडाखाली टेकली. ती बेबाबाई होती. काम सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. तिने मला ओळखलं नाही; चुन्याने माखलेल्या घमेल्याला कोण ओळखणार? दोघं सुनांबद्दल, कापसाबद्दल, आबांच्या आजारपणाबद्दल बोलत राहिले. उठताना तिने आधाराला माझ्या कडेवर हात ठेवला. दंडावरचा तो जुना डाग मला दिसला. मग ती पदर सारखा करून मोकळ्या डोक्याने, मोकळ्या हातांनी गावच्या वाटेला लागली. मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू.

मित्रांनो, माझ्यासारखी घमेली फाटली तर दुसरी मिळतात. ती उचलणारी माणसं तशी मिळत नाहीत. उन्हाळ्यात कधी प्रवासाला निघालात आणि पायांना गोणपाट बांधलेली माणसं रस्त्यावर वाकलेली दिसली, तर गाडी हळू घ्यायला सांगा. तुमच्याजवळ गार पाणी असेल तर थांबा आणि विचारा. ती आपणहून मागणार नाहीत. काम आटपेपर्यंत आपली तहान कोणाला सांगायची नाही, अशी त्यांना सवय लागलेली असते. ती सवय मोडायला कोणीतरी आधी थांबावं लागतं.